परत येण्याचा पुरावा

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
९ जानेवारी

मोना,

तुझं पाकीट परवा आलं. पोस्टमननं सही वहिनींची घेतली, त्यामुळं माझ्या हातात आलं तेव्हा ते फोडलेलं होतं आणि घरातल्या सगळ्यांचं वाचून झालं होतं. तो जर्मन शिक्क्याचा निमंत्रणाचा कागद दादानं उजेडात धरून मागून-पुढून बघितला, नोट खरी की खोटी बघतात तसा. तुझी चिठ्ठी मात्र मराठीत होती आणि एवढीशी होती, म्हणून ती मला पाठ झाली. "एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात छातीतल्या गाठीचं ऑपरेशन आहे. सोबत कोणी नाही. येशील का?"

इतक्या वर्षांनी बोललीस, आणि तेही सरकारी कागदाला टाचून. वर 'ताई' लिहायचेही कष्ट घेतले नाहीस. मी रागावले नाही असं लिहिणार होते, पण रागावले. मग न्हाणीघरात जाऊन पोटभर रडले, कारण या घरात आतून कडी लागणारं तेवढंच एक दार माझ्या वाट्याला आहे.

फोन का केला नाही म्हणशील. माझा फोन म्हणजे सगळ्या घराचा फोन, रिचार्ज दादा मारतो आणि कोणाचा आला, कोणाला गेला, हे वहिनी सहज म्हणून बघतात. तुझा नंबर तर त्यात राहिलेलाच नाही. बाबा गेल्यावर बिडकीनच्या शेतातला हक्क सोडायचा कागद आपल्या दोघींपुढं आला आणि तू सही करणार नाही म्हणालीस, त्याच दिवशी दादानं माझ्या फोनमधूनही तुला काढून टाकलं. मी सही केली. वहिनींनी साडी दिली, जांभळी, तिची घडी अजून मोडलेली नाही. त्यावरून तू माझ्याशीही बोलणं टाकलंस. मोना, तुझ्या हाती शेंद्र्याच्या कंपनीची नोकरी होती आणि जर्मनीची बदली ठरलेली होती. माझा नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं, सासरच्यांनी दार लावून घेतलं होतं, आणि मला रात्री याच घरात पाठ टेकायची होती. पुन्हा तशी वेळ आली तरी मी सहीच करीन. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मला बोलावल्याचा तुला पस्तावा नको.

येणार का, तर येणार. पासपोर्ट आहे. तुझी बदली ठरली तेव्हा तू बळंच काढायला लावला होतास, तो त्या जांभळ्या साडीखालीच आहे.

नवल म्हणजे दादा नाही म्हणाला नाही. वहिनींनी एवढंच विचारलं की पाण्याच्या दिवशी कोण. तुला आठवत असेल तर आठव, इथं नळ अजून आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा, आणि येतो तेव्हा घरात कोणीतरी मोटारीपाशी उभं असावंच लागतं. ते कोणीतरी म्हणजे मी.

आईचं एक अंग झटक्यानं लुळं पडलं ते अजून तसंच आहे. कुशीवर वळवावं लागतं, भरवावं लागतं. तिला सांगितलं की मोनाकडं जायचंय. तर म्हणाली, "मोनाला म्हनावं येळंवर जेवत जाय."

तुझी ताई
(तू लिहिलं नाहीस म्हणून मीच लिहिलं.)


४ फेब्रुवारी

मोना,

व्हिसाचा अर्ज दिला एकदाचा. पुण्याला जाऊन आले दादाबरोबर. तारीख नेमकी पाण्याच्या दिवशी आली होती, त्यामुळं घरात दोन दिवस तोंडं फुगलेली होती, पण ते सोड.

खरी मजा कागदांची. तुला माहीतच आहे, आपल्याकडं कागदपत्रं म्हटलं की खुलताबादहून पुंजाराममामांना बोलवायचं. मामांनी आजवर किती जणींना विधवेची, निराधाराची पेन्शन लावून दिली असेल, तहसीलमधले शिपाईसुद्धा त्यांना खुर्ची देतात. मामा आले, तुझं पाकीट बघितलं आणि म्हणाले, "सरकार कुठलंबी आसू दे, सायबाला दया आली पायजे." मग काय, लागले कामाला. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला काढला. उत्पन्नाचा दाखला काढला, त्यात उत्पन्न जितकं कमी लिहिता येईल तितकं लिहून घेतलं. माझ्या नावावर कुठं गुंठाभरही जमीन नाही असं तलाठ्याकडून लिहून आणलं. मूलबाळ नाही, नोकरी नाही, भावाच्या आश्रयानं राहते, असं दादाचं प्रतिज्ञापत्र केलं. वर सरपंचांचं पत्र, की ही बाई अत्यंत गरीब, निराधार आणि होतकरू आहे. होतकरू कशाला, तर मामा म्हणाले, असू दे, तो शब्द सगळीकडं चालतो. हे सगळं इंग्रजीत करून नोटरीचे शिक्के मारले. फायलीचं वजन बघून मलाच माझी कीव आली.

पुण्याच्या त्या केंद्रात एवढं गार होतं की मी पदर कानावरून घेतला. बोटांचे ठसे घेतले, फोटो काढला. काउंटरवरच्या मुलीनं कागद चाळले आणि माझ्याकडं दोनदा बघितलं. नोकरीचं काही, बँकेचं काही, घराचं काही, असं तिनं विचारलं. मी म्हणाले, काही नाही हो, सगळं त्यातच लिहिलंय. मला वाटलं हिलाच दया आली, म्हणजे काम झालं.

येताना दादानं भेळ घेऊन दिली. गाडीत तुझ्याबद्दल विचारत होता, किती पगार असेल, घर घेतलं का, लग्नाचं काही. मी म्हणाले, तूच विचार की.

ऑपरेशनच्या आधी पोचते. तू घाबरलेली असशील आणि कोणाला सांगत नसशील. लहानपणी विंचू चावला तेव्हाही असंच, अंगठा दाबून दारामागं बसली होतीस.

ताई


२६ फेब्रुवारी

मोना,

नाकारला.

पासपोर्ट आला, त्याबरोबर एक छापील कागद. बऱ्याच कारणांची यादी होती आणि एका कारणापुढं खूण. मुदत संपायच्या आत मी तुमच्या देशातून परत निघेन, याबद्दल त्यांना शंका आहे म्हणे. दादानं तो कागद मामांना फोनवर वाचून दाखवला. मामांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाले, "येवढं गरीब दाखवूनबी?"

मी दुसऱ्या दिवशी आईची औषधं आणायला म्हणून बाहेर पडले आणि उस्मानपुऱ्यात एका जिन्यावरच्या व्हिसाच्या ऑफिसात शिरले. पाटी येता-जाता वाचली होती. तिथं स्वराली नावाची मुलगी आहे, चष्मेवाली, बोलायला गोड. तिनं आमची फाइल वाचायला घेतली आणि अर्ध्यातच तिला हसू फुटलं. लगेच सॉरी म्हणाली. मग चहा मागवला आणि मला नीट समजावून सांगितलं. "ताई, तुम्ही त्यांना प्रत्येक पानावर सांगितलंय की इथं तुमचं काहीच नाही. मग तुम्ही परत कशाला याल?"

मी तिला म्हणाले, अगं बाई, मी परत येणार नाही तर जाणार कुठं. रात्रीतून आईला कोण वळवणार? तिला माझ्याच हातचं खाणं उतरतं, वहिनींनी घास दिला की ती ओठ मिटून घेते. नळ आला की मोटार मी लावते, टाकी मी भरते, पाहुण्यांचं मी बघते. या घरातून भाजीला गेले तरी अर्ध्या तासात कुठं आहेस म्हणून फोन येतो. मला दोन दिवस सोलापूरला लग्नाला सोडलं नाही कोणी, आणि जर्मनीच्या साहेबाला वाटतं मी तिथंच राहीन.

स्वराली म्हणाली, "हे सगळं खरं असेल, पण याचा कागद आहे का?"

नाही ना. हेच तर. मी इथं खुंट्याला बांधल्यासारखी आहे आणि दावं कोणाला दाखवता येत नाही. कागदावर बघशील तर माझ्याइतकी मोकळी बाई अख्ख्या जिल्ह्यात नसेल.

ती म्हणते, पुन्हा अर्ज करता येतो, पण या वेळी उलटं दाखवायचं. जमीन, घर, काहीतरी स्वतःच्या नावावर हवं. मी घरी येऊन हे सांगितलं. दादा जेवताना दोनदा माझ्याकडं बघून विचार करत होता.

तुझी तारीख पक्की झाली का? स्वरालीच्या ऑफिसच्या मेलवर कळव. ती माझी पत्रंही तिच्या मशीनवरून पाठवीन म्हणाली, म्हणजे पोस्टाची वाट बघायला नको.

ताई


१८ मार्च

मोना,

हसू नकोस, पण तुझी बहीण जमीनदारीण झाली आहे.

दादानं बिडकीनच्या विहिरीकडचा एक एकर मला बक्षीसपत्र करून दिला. रजिस्ट्रारच्या ऑफिसात फोटो काढला, अंगठे घेतले, तलाठ्याकडं दादानं स्वतः चकरा मारून नोंद लावून घेतली. काल सातबारा हातात आला. त्यावर आता आपल्या दोघींची नावं आहेत. तुझं बाबा गेल्यावर लागलेलं, आणि माझं नवं, विहिरीकडच्या एकरापुरतं. मी तो कागद देवापुढं ठेवला. वहिनी म्हणाल्या, नाचू नका, चार महिन्यांचं आहे. म्हणजे मी परत आले की परत करून द्यायचा, हे बोलणं झालेलं आहे. मला कबूल आहे. दादाच्याच हिश्श्यातला आहे तो, मी त्याचं काय करणार.

तरी एक गंमत सांगते. दादाबरोबर शेतावर गेले होते. ज्वारी काढून झालेली, नुसती धसकटं उभी. पलीकडं कारखान्यांसाठी केलेले ते रुंद रस्ते, दिव्यांचे खांब, एकही माणूस नाही. मी माझ्या एकराच्या कडेनं चालून आले. पायाला धसकटं बोचत होती. कशाला फिरतेस उन्हात, म्हणून दादा ओरडला. मी म्हणाले, माझ्या रानात फिरतेय. तो हसला. मीही हसले. पण मोना, पायाखालची माती माझी आहे असं मला जन्मात कधी वाटलं नव्हतं, ना तिकडं सासरी, ना इकडं. लाज वाटण्याइतकं बरं वाटलं.

अर्ज पुन्हा दिला. या वेळी सातबारा, आईच्या डॉक्टरांचं पत्र, परतीचं तिकीट, सगळं स्वरालीनं नीट लावलं. सरपंचांचं पत्र तिनं काढून टाकलं, मामांना सांगू नको.

दादा एवढा मऊ कसा झाला, असं तू विचारशील. वय झालं त्याचंही. तुझ्या दुखण्याचं ऐकून हलला असेल. तुला द्यायला एक पाकीट देणार आहे, ते मी आल्यावर बघू. आत्ता तू डोक्याला ताप करून घेऊ नकोस. रक्ताच्या तपासण्या करून घे आणि जेव.

ताई


३ एप्रिल

मोना,

स्वरालीनं तुझी मेल वाचून दाखवली. "पाकिटात काय आहे?" एवढंच. तू वकील व्हायला पाहिजे होतीस.

सांगते. मुखत्यारपत्र आहे. तिथल्या आपल्या वकिलातीत जाऊन तू सही करायची, म्हणजे तुझ्या वाट्याची सही इथं दादा करू शकेल. शेताला मोठं गिऱ्हाईक आलंय, त्यांना सगळा तुकडा एकत्र पाहिजे, आणि तुझं नाव मध्ये आहे तोवर ते पुढं सरकत नाहीत. एकर माझ्या नावावर केला त्याच दिवशी दादानं हे सांगितलं होतं. मी तुला लिहिलं नाही. लिहिलं असतं तर येऊ नकोस म्हणाली असतीस, आणि मला यायचं होतं.

तो ओरडला वगैरे नाही. बाजेवर आईच्या उशाशी बसून संत्रं सोलत होता. म्हणाला, "मोनाची सही घिऊन ये. तुझं तिनं कधी मोडलंय?" मी विचारलं, नाही दिली तर? त्यानं आईच्या तोंडाशी फोड धरली आणि म्हणाला, "आई हाय इथं. तू कुठं जाणार?"

धमकी दिली असती तर भांडता आलं असतं. त्यानं मला माझीच गोष्ट सांगितली, आणि ती खरी होती.

आता तू चिडशील. चीड. पण मीही चिडले आहे तुझ्यावर. एकदा नाही म्हणून निघून जाणं सोपं असतं गं, त्या नाहीबरोबर रोज एका ताटात जेवावं लागत नाही. तू गेल्यावर तुझा राग या घरानं माझ्यावर काढला. वहिनी भाकरी थापताना तुझं नाव घेऊन मला बोलल्या. आईला हा झटका आला तोही दादा तुझ्याच नावावर घालतो. मी कोणाला उलटून बोलले नाही, कारण तू बरोबर होतीस हे मला माहीत होतं, आणि तरी मला तुझा राग यायचा.

आणि खरं सांगू? मला वाटतं तू सही करून टाकावीस. तुला तिथं काय कमी आहे? सही कर, दादा निवेल, तू दिवाळीला घरी येशील, आई तुला एकदा बघेल. मी हे लिहून खोडणार होते. पण खोडत नाही, राहू दे तुझ्यासमोर.

व्हिसाचं अजून काही आलेलं नाही. ऑपरेशन १८ला म्हणालीस. मी रोज जिना चढून स्वरालीला विचारते. आईची औषधं आता इतक्या वेळा आणून झालीत की मेडिकलवाला माझ्याकडं संशयानं बघतो.

ताई


१३ एप्रिल

मोना,

मिळाला. उद्या रात्री मुंबईहून विमान, परवा मी तुझ्यापाशी. हे पत्र स्वराली आजच पाठवते, म्हणजे मी दारात उभी राहायच्या आधी तुझं वाचून होईल. तसंच व्हायला पाहिजे, का ते पुढं कळेल.

बॅग वहिनींनी भरली. शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचं पीठ, आणि ती जांभळी साडी, तिकडं नेस म्हणाल्या. सगळ्यांत वर दादाचं पाकीट. विमानतळावर सापडायला बरं म्हणून वर, असं म्हणाल्या. मी ते काढून इथंच ठेवायचा विचार केला. पण चेन लावायच्या आधी त्या पुन्हा बघणार हे मला माहीत आहे.

आईसाठी दादानं एक बाई लावली आहे, चांगली आहे. आज दुपारी मी आईला कुशीवर वळवत होते. घरात कोणी नव्हतं, पाणी आलं होतं आणि सगळे टाकीपाशी होते. घरात असून पहिल्यांदाच मी नव्हते. आईनं मला हात धरून खाली बसवलं. तिचा तो चांगला हात, पकड अजून तशीच आहे. विचारलं, "मोनाचं नाव हाय का अजून शेतावर?" मी म्हणाले, हाय. "आन् तुझं?" मी म्हणाले, सध्या हाय. तिला शब्द जुळवायला वेळ लागतो, मी थांबले.

"माझा आंगठा समद्या कागदांवर हाय," म्हणाली. "नाव कुटंच नाय. ऱ्हाऊ द्या तुमची."

एवढंच बोलली. मग पाणी मागितलं. मी वाटी तिच्या ओठाला लावली. मोना, मला वाटत होतं आईला यातलं काही कळत नाही. बाबांनी विहीर गहाण ठेवली तेव्हा, दादानं घर बांधलं तेव्हा, मी सही केली तेव्हा, ती अंगठा द्यायची आणि पदराला शाई पुसून चुलीपाशी जायची. तिनं ते सगळं मोजून ठेवलं होतं.

म्हणून मागच्या पत्रातलं 'सही करून टाकावीस' हे वाक्य आता तू खोड.

मी परत येणार आहे. जर्मनीच्या साहेबाची खात्री पटली म्हणून त्यानं शिक्का मारला, आणि त्याची खात्री खरी आहे. आई आहे तोवर मी कुठंही जाणार नाही, तू राहा म्हणालीस तरी. तू बरी होऊन स्वतःच्या हातानं चहा करायला लागलीस की मी तिकिटाच्या तारखेला विमानात बसेन, आणि पुढच्या पाण्याच्या दिवशी मोटारीपाशी उभी असेन. मला सोडवायचा विचार मनात आणू नकोस, उगाच दोघींना रडू येईल.

पण ऐक. तिथं आल्यावर दादाचा रोज फोन येईल. मला माझी भीती वाटते. तुला पट्ट्या बांधलेल्या असतील आणि मी उशाशी बसून सही कर म्हणेन. गोड बोलेन, रडेन, आईची शपथ घालीन. मी तशी आहे, मला माहीत आहे. तरी करू नकोस. मी कितीही मागितली तरी देऊ नकोस.

आणि नाही म्हणशील तेव्हा मला शेजारी बसवून म्हण. दादाचा फोन चालू ठेव आणि माझ्या देखत म्हण. व्हिसाच्या अर्जात मी कारण लिहिलंय, आजारी बहिणीची सेवा. ते खरंच आहे, तुझी वेणी घालीन, भाकरी करीन, रात्री जागेन. पण मला नाही कसं म्हणतात तेही एकदा जवळून बघायचंय. परत आल्यावर दादा विहिरीकडचा एकर परत करायचा कागद माझ्यापुढं ठेवील, आणि त्याच ताटात जेवून मला ते म्हणायचंय.

ताई